ढगात ठेवलेला घाट

अवराच्चन आयुष्यभर सरकारी बोटीवर स्रांक होता. म्हणजे सुकाणू धरायचं, बोट धक्क्याला लावायची, पुन्हा सोडायची. घाई हा प्रकार त्याला ठाऊक नाही. आमच्या कालव्यांत तो कुणालाच नाही. मराठी मुलखातून येऊन इथे टीचर झालेली मीच काय ती अपवाद, म्हणून त्याची माझी गट्टी.

त्याची मुलगी लिसी कुवेतला नर्स. रात्रपाळी करून आली की दिवसा झोप लागेना. "इथल्या एसीचा आवाज कोरडा आहे, अप्पच्चा," असं ती फोनवर रडायची. मग एका सुट्टीत तिने घराच्या घाटावर, पायऱ्यांच्या वर, वळचणीला एक माइक बांधला. तिथला आवाज एका परदेशी कंपनीच्या जागेत, त्या ज्याला क्लाउड म्हणतात तिथे, अखंड साठत जाऊ लागला आणि कुवेतला ऐकूही येऊ लागला. लिसीचं पाहून तिच्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी. कुठल्या कुठल्या वाळवंटांत भर दुपारी पडदे ओढून आमच्या पोरी निजायच्या, आणि त्यांच्या उशाशी आमच्या कुट्टनाडचं पाणी पायरीला लागत राहायचं. बदकं बोलायची. अवराच्चनची बायको शोशाम्मा भांडी विसळता विसळता मासेवाल्याची खरडपट्टी काढायची. त्या आवाजात पोरी गाढ झोपत.

शोशाम्मा गेली. पुढे अवराच्चन निवृत्त झाला. लिसीने नवा आवाज बंद करून जुनाच लावून दिला, शोशाम्मा होती तेव्हाचा. संध्याकाळी अवराच्चन ओसरीवर बसून ऐके आणि मध्येच हसे.

"याची एखादी प्रत घरात ठेव," मी सांगितलं होतं.

"घरात? महापुरात लग्नाच्या अल्बमचा लगदा झाला, टीचर. ढगात ठेवलंय तेच बरं. तिथे पूर येत नाही."

"आणि पूर येतो कुठून रे?"

तो खो खो हसला. मलाही हसू आलं.

मग एक दिवस कंपनीचा निरोप आला. तुमचा वापर वाजवी दिसत नाही, सेवेच्या हेतूशी सुसंगत वाटत नाही, सबब खात्यावर निर्बंध घातले आहेत. घाट मुका झाला. जन्मभर इंग्रजी शिकवलं मी, त्यांच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या. वाजवी म्हणजे किती, हे कुठेही नाही. 'आमच्या मते' मात्र पानोपानी. त्यांच्या यंत्राला काय दिसलं असेल ते मला कळलं: शेकडो जण, तोच तो आवाज, तासन् तास, आणि कुणाचं बोटसुद्धा हलत नाही. झोपलेला माणूस त्यांच्या हिशेबी माणूसच नव्हता.

त्यांनी विचारलं होतं, हे सर्व कशासाठी करता? मी पोचायच्या आत अवराच्चनने उत्तर पाठवूनही दिलं होतं.

"काय लिहिलंस?"

"सिंप्ली."

"आणि पुढे?"

"पुढे काय? सिंप्ली."

मी कपाळाला हात लावला. इथे कुणालाही विचारा, कुठे निघालात? वेरुदे. कशाला आलात? वेरुदे. म्हणजे उगाच. आपल्या 'उगाच'मध्ये जरा ओशाळलेपण असतं. या वेरुदेत नाही. पाण्यात पाय सोडून बसायला कारण लागतं का? तेच इंग्रजीत 'सिंप्ली' होतं, आणि त्यावर इथल्या शाळांत मी लाल शाईच्या बाटल्या संपवल्या आहेत.

"अरे शहाण्या, त्यांना वाटलं असेल तू थट्टा करतोस!"

"खोटं लिहायला हवं होतं का, टीचर?"

मीच मग खरमरीत लिहिलं. रात्रपाळीच्या नर्सा, त्यांची झोप, एका मेलेल्या बाईचा आवाज, सगळं. उत्तर आलं ते शब्दन् शब्द पहिलंच. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा कळवलं की निर्णय अंतिम आहे, साठा पुसला जाईल. तोवर काय उतरवून घ्यायचं ते घ्या.

वर्षानुवर्षांचा घाट, आणि आमची इंटरनेटची लाइन म्हणजे वारा सुटला की मान टाकणारी.

"सगळं नाही यायचं, अप्पच्चा," लिसी फोनवर म्हणाली. "अम्मच्चीचं एखादंच निवडा."

"ती तुला हाक मारते ते घे," मी म्हटलं. "किंवा मासेवाल्याला झोडपते ते. मस्तच आहे ते."

"ते पाठ आहे मला." तो फोनकडे वळला. "लिसी, मोळे, लेकी, ती मीनम महिन्यातली भर उन्हाची दुपार. तुम्ही पोरी लावून झोपता ती."

"त्यात ती एक शब्द बोलत नाही म्हणे!" मी ओरडले.

"घाटावर झोपलीये त्यात."

"तू ऐकलीयेस?"

"नाही. झोपलेल्या बाईचं चोरून काय ऐकायचं, असं वाटायचं. पण टीचर, दुपारी मी कधी घरी होतो का?"

ती दुपार रांगत रांगत उतरली. संध्याकाळी लिसीने सांगितलं, दार बंद झालं, तिथे आता आपलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. त्याने बटण दाबलं. पाणी. एक कावळा. पाणी. आणि त्याच्या मागे, नीट कान दिल्यावर, श्वास. मधूनच बारीकसं घोरणं. मला वाटलं होतं मी कंटाळेन. डोळे जड झाले. समोरचा कालवा कुठला आणि यंत्रातला कुठला ते कळेना. ऊन दोन्हीकडून येत होतं.

मग लांबून इंजिनाची धडधड, आणि दोन आखूड भोंगे.

अवराच्चन ताठ झाला. "मी," तो कुजबुजला. "तो मी आहे, टीचर. घाटावरून जाताना वाजवायचो. रोज. ती कधी बाहेर यायची नाही. मला वाटायचं, ऐकूच येत नाही हिला."

बोट जवळ आली, लाटा पायऱ्यांवर चढल्या. श्वास क्षणभर अडला, आणि झोपेतूनच शोशाम्मा म्हणाली, "हं."

बोट पुढे निघून गेली. ती पुन्हा घोरू लागली.