अकरा मारुती, एक सायकल आणि बाटलीभर तेल

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या काळी आष्ट्यात घरोघर चहा होत नव्हता, पण आमच्याकडं व्हायचा, गुळाचा, आणि आत्याबाई तो बशीत ओतून डोळे मिटून प्यायच्या. त्यांच्याशी कुणी त्या वेळी बोललेलं चालायचं नाही.

आमचे हे लढाईत होते. पलटण ब्रह्मदेशाच्या बाजूला गेली आणि ह्यांची खबर येईनाशी झाली, तेव्हा आत्याबाईंनी देवापुढं पदर पसरला. लेक घरी आला की अकरा मारुतींना घरच्या करडईचं तेल वाहीन, जोडीनं पाठवून वाहीन, आणि अकराच्या अकरांना पोचेपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. बोलल्या ते बोलल्या. आमच्यासाठी चहा केला की त्या उठून गोठ्यात जायच्या. वास सोसायचा नाही त्यांना.

लेक आला. वाळून खारीक झालेला, पण आला. आत्याबाईंनी रानातली करडई घाण्यावर नेली, समोर बसून तेल काढून घेतलं आणि एका मोठ्या बाटलीत भरलं. मला बजावलं, "दुसऱ्या तेलाचा थेंब ह्यात मिसळायचा न्हाई. माझा नवस माझ्या रानाचा."

आता जायचं कसं? गुऱ्हाळाचे दिवस, बैल सगळे उसाला. सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची, चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. मारुती तर निम्मे असे आडबाजूला, की तिथं मोटारच जायची नाही. मग ह्यांनी सांगलीच्या बाजारातनं एक जुनी सायकल आणली. काळी, उंच, घोड्यासारखी.

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बाईमाणसानं ह्या लोखंडी गाढवावर बसायचं? बघणारं काय म्हनंल?"

"बघणारं म्हनंल, बायको बशिवलीया," हे म्हणाले. "दुसऱ्याची तर न्हाई?"

"लढाईत जाऊन हेच शिकून आलास व्हय रं?"

पण चहाची ओढ मोठी होती. निघालो.

मी मागं कॅरिअरवर, गोधडीची घडी करून, मांडीवर तेलाची बाटली. पाठीशी भाकरीचं गाठोडं. आधी वारणा उतरून पारगाव आणि मनपाडळे केलं. तिकडं पन्हाळा दिसतो, निळा निळा. तिथनं शिराळा, मग वर कऱ्हाडाकडं, शहापूर, मसूर, उंब्रज. मारुतीला बायकांनी शिवायचं नाही, म्हणून मी बाहेर थांबायची, बाटली ह्यांच्या हातात द्यायची, हे धार सोडायचे आणि मी मनातल्या मनात आत्याबाईंच्या चहाचा एकेक घोट मोजायची.

आणि खरं सांगू का, देवदर्शन राहिलं बाजूला, मला तो रस्ताच आवडून गेला. लग्न झाल्यावर लगेच हे पलटणीत गेलेले. आमचं धड बोलणं असं झालं ते त्या सायकलवर, तेही माझ्या तोंडापुढं ह्यांची पाठ. लाजायचं कारणच नाही. कोसभर गेलं तरी माणूस भेटायचं नाही. बाभळी, हरभऱ्याचं रान, लांब कुठं गुऱ्हाळाचा धूर. गुऱ्हाळ दिसलं की थांबायचं, कुणी ना कुणी पानावर गरम गूळ द्यायचंच. सांजेला नात्यातलं घर नाहीतर देवळाची ओवरी. चढ आला की मी उतरायची आणि मागनं ढकलायची. उतार आला की हे ओरडायचे, "धर घट्ट!" काय धरू? एका हातात मारुतीचं तेल!

गड दिसला की ह्यांच्यातला शिपाई जागा व्हायचा. वसंतगड बघून म्हणाले, "त्या सोंडेवर एक तोफ ठिवली की खालचा रस्ता बंद."

"आवं, लढाई सपली," मी म्हणायची. "आता भाकरी खावा."

उंब्रजच्या पुढं चाफळच्या खोऱ्यात शिरलो आणि सायकल कुरकुरायला लागली. चेन वाळली होती. सगळ्या रस्त्याची धूळ खाल्लेली. कुई कुई, कुई कुई. माजगाव झालं, चाफळचे दोन्ही मारुती झाले, आणि शिंगणवाडीच्या चढाला तर तिनं असा गळा काढला की रानातली पाखरं उठली. हे म्हणाले, "बस जरा सावलीला." मी बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि ओढ्यावर पाणी प्यायला गेले.

परत आले तर सायकल गप्प. चाक फिरवलं तर रेशमासारखं.

"काय जादू केली वो?"

"तेल घातलं."

"तेल कुठलं?"

हे बाटलीकडं बघायला लागले. मी उचलून उजेडात धरली. काय सांगू तुम्हाला, अंगठाभरसुद्धा तेल राहिलं नव्हतं.

"आवं, देवाचं तेल हाय ते! चेनीला?"

"वाईच वतत व्हतो तर बाटली निसाटली गं हातातनं. लय सांडलं न्हाई."

"लय सांडलं न्हाई? अजून शिंगणवाडीचा हाय, बह्याचा हाय! आन् घरी आत्याबाई बिनचहाच्या!"

"मला देवाच्या दारी कोण नेतंय? हीच की," हे सायकलीवर हात ठेवून म्हणाले. "तीबी तहानली व्हती."

मी बाटली पदरात गुंडाळली आणि पायी चालायला लागले. हे मागनं सायकल घेऊन, "बस की गं, बस की गं." मी वळूनसुद्धा बघितलं नाही. शिंगणवाडीच्या मारुतीला बेतानं धार घातली, तरी मी फुगलेलीच. पण टेकडी उतरलो, खाली सगळं खोरं उन्हात पसरलेलं, आणि पुढं सरळ लांबच लांब उतार. माझा राग उताराला टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बसले. काही आवाज नाही, नुसता वारा. मनात म्हटलं, चेन चाललीय मात्र छान. पण तोंडानं नाही म्हटलं.

शेवटचा बह्याचा मारुती. कृष्णेतल्या बेटावर आहे, पाणी कमी असलं की दगडांवरनं जाता येतं. ह्यांनी बाटली उपडी धरली आणि तशीच धरून उभे राहिले. कितीतरी वेळानं तेलाची एक बारीक रेघ मारुतीच्या खांद्यावरनं ओघळली आणि छातीपर्यंतही पोचली नाही.

"झालं," हे म्हणाले. "धार ती धार. आईला काय सांगू नगं."

"तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते."

घरी पोचलो तर आत्याबाईंनी आधीच आधण ठेवलेलं. आमच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि चुलीपुढं बसून बशीत चहा ओतला. इतक्या दिवसांचा सोडलेला चहा. बशी ओठापर्यंत नेली आणि विचारलं, "सगळ्यांना पोचलं न्हवं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली.

मग ह्यांनी सांगितलं सगळं, चेन, बाटली, रेघ. मला वाटलं आता पितळी उडणार. पण त्यांनी बशीतला चहा परत भांड्यात ओतला. मग म्हणाल्या, "दहांचं झालं. बह्याच्याला नुसतं दाखवून आलासा. शनवारी मी सोता जाती."

"आई, तुजं गुडघं! बैलं मोकळी न्हाईत, चालत कशी जाशील?"

आत्याबाईंनी दाराकडं मान केली. दारात सायकल टेकवलेली होती.

शनिवारी पहाटे त्या लुगड्याचा काष्टा खोचून कॅरिअरवर बसल्या. नवी बाटली मांडीवर. कुणी बघायला नको म्हणून अंधारात निघणार होत्या, पण आमची गल्ली कसली, निम्मी गल्ली दारात उभी. "आत्याबाई, विमानात बसला काय?" कुणी तरी ओरडलं. आत्याबाई म्हणाल्या, "चल रं, हाण!" आणि गेल्या.

मी दिवसभर वाट बघत. उन्हं कलली तशी वेशीकडनं सायकल दिसली. आत्याबाईंचा पदर वाऱ्यानं मागं उडालेला, आणि तोंडावर काय हसू, मी तसं कधी बघितलंच नव्हतं. चेन जराही वाजत नव्हती.

उतरल्या, गुडघे चोळले, रिकामी बाटली माझ्या हातात दिली. मी चहा ओतला. बशी उचलली आणि एकदम थांबल्या. आता काय आणि?

"एक सांगती, हसायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "मारुतीला ह्याच्या हातनं पोटभर घातलं बघ, पार पायापतोर. पण येताना वढ्याच्या चढाला ही लय कुरकुराय लागली. तळाला वाईच राहिलं व्हतं."

हे दारातनं म्हणाले, "चेनीला मी न्हाई हां घातलं. आईनंच घातलं."

"गप रं," आत्याबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी चहाचा पहिला फुरका मारला.