हनुवटीवरचा खळगा

मच्छिंद्र कुंभार बिबवेवाडीहून पुण्यात आला तो डोक्यावर पाटी घेऊन, आणि पाटीत गवतावर नीट बसवलेले गौरींचे बारा मुखवटे. त्याचा अंदाज अगदी साधा होता. पुण्यात पेशवे, पेशव्यांभोवती सरदार, सरदारांभोवती सावकार आणि कारकून. घरटी एक गौर धरली तरी दुपारपर्यंत पाटी रिकामी. म्हणून तो शहरातल्या त्यातल्या त्यात चांगल्या दिसणाऱ्या आळीत शिरला आणि पहिल्याच दारात पाटी उतरवली. दारातल्या बाईंनी बाराही मुखवटे शांतपणे पाहिले. म्हणाल्या, “सुरेख आहेत हो. पण आमच्या गौरी नदीवर मिळतात. फुकट.”

मच्छिंद्रला वाटलं, बाई थट्टा करतायत. थट्टा कसली? ती कोकणस्थांची आळी. त्यांच्या गौरी खड्यांच्या. नदीवर जायचं, तोंडातून शब्द न काढता खडे उचलायचे, ताम्हनात घालून घरी आणायचे, झाली गौर. म्हणजे ज्यांच्या घरी पैसा, नेमका त्यांच्याच गौरींना चेहरा नव्हता. आता हे बिबवेवाडीत कुणाला ठाऊक असणार?

बरं, मुखवट्याच्या गौरी पुजणारी घरंही होती. देशस्थ होते, सोनार होते, कासार होते. पण त्यांच्याकडे पणजीच्या वेळचे मुखवटे माळ्यावर सुखरूप. भाजलेल्या मातीचा चांगला मुखवटा तीन पिढ्या जातो. गंमत पाहा, काम जितकं चांगलं तितकं गिऱ्हाईक पुन्हा फिरकायची आशा कमी. पहिल्या वर्षी मच्छिंद्रचे दोन मुखवटे खपले, दुसऱ्या वर्षी एक.

कुंभारवेशीजवळ सोयऱ्याच्या पडवीत त्याने बिऱ्हाड मांडलं होतं. बायको सरूबाई मातीच्या चुली थापायची आणि त्या चुली मात्र हातोहात जायच्या. “चुलीलाच नाक-डोळं काढा,” ती म्हणायची, “खपतील तरी.” बोलायला तिखट, पण नवरा चेहरा घडवायला बसला की ती त्याच्या उजेडात कधी आली नाही. तो बोलायचा नाही, पण ते त्याच्या ध्यानात होतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात थोरला भाऊ आला. तो गावचा कुंभार. गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचं. पोटाला कमी नव्हतं. तो पडवीतल्या न खपलेल्या मुखवट्यांकडे बघत म्हणाला, “तुझं चाक मोकळं हाय. गौरी उठल्या की या दोघं. न्हाईतर मला दुसरा गडी बघावा लागंल.” भाऊ रागाने बोलला असता तर मच्छिंद्र भांडला तरी असता. भाऊ मायेने बोलला, तिथेच पंचाईत झाली. यंदाच्या गौरींत काम मिळालं नाही तर येतो, असा शब्द तो देऊन बसला.

मडकी घडवण्यात त्याला कमीपणा वाटत होता असं नाही. पण लहानपणापासून बोटांना खोडच होती. चाकावरच्या ओल्या मडक्यालाही तो नाक काढायचा आणि बापाचा मार खायचा. हे सुटलं तर आपण जेवू, झोपू, म्हातारेही होऊ, पण आत काही उरणार नाही, अशी त्याला खरोखर भीती वाटत होती.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी बुधवार पेठेतून गोदाकाकूंचं बोलावणं आलं. गोदाकाकूंचे यजमान दिगंबरपंत दफ्तरात कारकून. घर देशस्थांचं, ज्येष्ठा-कनिष्ठा अशी गौरींची जोडी. काकूंनी फडक्यात गुंडाळलेले दोन मुखवटे ओटीवर ठेवले. “रंग उडालेत. चांगले रंगवून दे. आवाहनाच्या दिवशी सकाळी आणून दे, संध्याकाळी गौरी आणायच्यात.”

रंगवायचं काम म्हणजे काय, दुसऱ्याने रांधलेलं आपण वाढायचं. पण मच्छिंद्रने ते घेतलं, कारण दुसरं काही नव्हतं. घरी येऊन फडकं सोडलं आणि त्याचा जीव कळवळला. मोठ्या गौरीच्या हनुवटीला खाली डाव्या अंगाला चांगला बोटभर खळगा. कपचाच उडालेला. खंडित मूर्ती पुजू नये हे शेंबड्या पोराला कळतं, आणि ही माणसं वर्षानुवर्षं अशी गौर बसवतायत! त्याने शाडू मळला, डिंक घातला, खळगा बुजवला. कडा वर येत होत्या त्या विटेच्या तुकड्याने घासून काढल्या. मग रंग चढवला आणि शेवटी डोळे लिहिले. जुने डोळे बारीक, घाबरल्यासारखे होते. त्याने लांब, शांत डोळे लिहिले, माहेरी आलेल्या बाईचे. सरू चुली थापता थापता मागे येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. मच्छिंद्रला वाटलं, जिंकलो.

आवाहनाच्या सकाळी दिगंबरपंतांनी मुखवटे पाहिले आणि ते खूश झाले. “वा! हिच्यासमोर आता आमच्या घरच्या बायकांचं काही खरं नाही.” काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी मोठ्या गौरीचा मुखवटा दोन्ही हातांत घेतला, आणि त्यांचा अंगठा आपोआप हनुवटीखाली गेला. तिथे तो थोडा इकडे सरकला, थोडा तिकडे. काकूंचा चेहरा उतरला.

“ही कोण?” त्या म्हणाल्या.

“तुमचीच हाय, काकू.”

“माझी नाही ही.”

मच्छिंद्रने हनुवटीकडे बोट दाखवलं. “खळगा हुता न्हवं का, तो बुजवला. खंडित देव पुजू न्हाई म्हनत्यात...”

“तुला रंग द्यायला सांगितला होता की शास्त्र शिकवायला?” काकू हे मोठ्याने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. दिगंबरपंत हळूच पगडी उचलून दफ्तराकडे निघाले. घरातल्या वादात कारकुनाला मत नसतं, हे ते जाणून होते.

काकू ओटीवर बसल्या. मुखवटा मांडीत. “निजामाच्या फौजेनं पुणं जाळलं तेव्हा आम्ही गाडीत बसून सिंहगडाकडे पळालो. माझ्या कडेवर लेकरू आणि मांडीत ही. ओढ्यात चाक घसरलं, गाडी कलली, आणि हिची हनुवटी गाडीच्या दांडीवर आपटली. लेकराच्या डोक्याला बसायची ती हिला बसली. मी रडायला लागले, की मुखवटा फुटला, आता सासूबाई काय म्हणतील. सासूबाई म्हणाल्या, घाव तिनं घेतला, म्हणून पोर हाती राहिलं. परत आलो तेव्हा घर जळालेलं, पण घरातलं माणूस एक कमी नव्हतं. तेव्हापासून साडी नेसवून हिला बसवताना माझा अंगठा त्या खळग्यात असतो. तिथं धरल्याशिवाय ही मला उचलता येत नाही, मच्छिंद्रा.”

मच्छिंद्रने इतके चेहरे घडवले होते, पण चेहरा हाताने ओळखणारं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून मोठी भीती. संध्याकाळी गौर दारात येणार. ती तशीच आली तर उद्या हळदीकुंकवाला सगळी पेठ विचारणार, हे कुणी केलं. मग बिबवेवाडीचं चाक ठरलेलंच.

“तांब्याभर पाणी द्या, काकू,” तो म्हणाला. “आन् एक बाभळीचा काटा.”

ओटीवरच बसला. हनुवटीवर ओलं फडकं धरलं. शाडू कच्चा, डिंकावर धरलेला. तो भिजणार हे त्याला ठाऊक होतं. पण कडा त्याने विटेने घासल्या होत्या, आणि घासलेली भाजकी माती कुठल्या देवाला सांगून परत येत नाही. कणाकणाने तो काट्याने शाडू उकरत होता आणि मनात म्हणत होता, आई, माझी अक्कल तेवढी माफ कर. काकू समोरून हलल्या नाहीत. हनुवटीचा रंग पाण्याबरोबर वाहून गेला. आधी एक रेघ दिसली, मग खोलगट अंधार, मग खळग्याचा तळ, जुना, काळपट. वरची कड गुळगुळीत झाली होती. खोली तेवढीच होती.

त्याने मुखवटा पुढे केला. काकूंनी डोळे मिटले आणि अंगठा खाली नेला. अंगठा जागेवर बसला. काकूंच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मच्छिंद्रला समोर दिसलं.

“हीच,” त्या म्हणाल्या.

“डोळं पुसू? जुन्यावानी बारीक लिवतो.”

काकूंनी मुखवटा दूर धरून पाहिला, बराच वेळ पाहिला. “डोळे राहू देत. इतकी वर्षं ही गाडीतच बसल्यासारखी बघत होती. आता घरी आल्यासारखी बघतेय.”

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला आणि संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. डोळे कुणी लिहिले, हे प्रत्येकीने विचारलं. काकूंनी नाव सांगितलं, वर आपला शेराही मारला, “हात चांगला आहे. फक्त काय करायचं नाही ते आधी सांगून ठेवा.” पुण्यात याहून मोठी शिफारस मिळत नाही. विसर्जनाच्या आतच पेठेतल्या सात-आठ घरांनी आपापल्या गौरी पुढच्या वर्षी रंगवायला त्याला सांगून ठेवल्या. मच्छिंद्र आता प्रत्येक घरी मुखवटा हातात घेण्याआधी विचारू लागला, हिला तुम्ही कुठं धरता?

गौरी उठल्या त्या दिवशी काकूंनी त्याला पुन्हा बोलावलं. धाकट्या जावेने शुक्रवार पेठेत वेगळी चूल मांडली होती, तिला नवी जोडी हवी होती. “तुझ्या मनानं कर,” काकू म्हणाल्या. “नाक, डोळे, सगळं.”

मच्छिंद्रला खरं वाटेना. सगळं आपल्या मनाने करायला कुणीतरी सांगेल म्हणून त्याने तीन वर्षं पुण्यात काढली होती. तरी पोळलेला माणूस, त्याने विचारलंच, “मोठीच्या हनुवटीला खळगा ठेवू का? घराची खूण म्हनून?”

“नको रे बाबा,” काकू म्हणाल्या. “त्या बिचारीला अजून कुठं काय सोसावं लागलंय? पडायचा तेव्हा पडेल. तू नितळ कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र बिबवेवाडीला गेला. थोरल्याने चाक धुऊन, बाजूला गोणपाट अंथरून ठेवलं होतं. एकट्या भावाला बघून तो म्हणाला, “सरू कुठाय? सामान?”

“सामान तिथंच हाय, दादा,” मच्छिंद्र खाली बसत म्हणाला. “तळ्याकाठची चिकणमाती न्यायला आलोय. दोन पाट्या.”