एका घराचं प्यादं

भाताची झोडणी उरकल्यानंतरचा रविवार. मुरबाड, मामांची ओटी. हजर: मामा, गुडघा प्लास्टरमध्ये, पाय उशीवर, मामी, आणि शहापूरहून एसटीने गेलेली मी. गैरहजर: माझे यजमान. बुद्धिबळाचं नाव निघालं की त्यांना कामं आठवतात.

मामा पेंढ्याच्या उडवीवरून घसरले होते. तेव्हापासून दिवसभर घरात. भाकरी किती जाड हवी, आमटीत मीठ कधी घालायचं, सगळं ओटीवरून ओरडून सांगायचे. मामींनी मला मोरीपाशी ओढलं. "गो, यांना कशात तरी गुंतव. नायतर मीच जाते माहेरी."

मी लगेच पट शोधून काढला. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी बाटलीचं बूच उभं केलं. मी शहापूरला परतले की दोन्हीकडे पट मांडून डाव पोस्टकार्डावर खेळायचा, एका कार्डावर एकच चाल. फोनला मामांनी नकार दिला. "तुझा लेक यंत्राला विचारून खेळंल." मामींनाही कार्डच हवं होतं, ते यायला वेळ लागतो.

पांढरी माझी. पहिलं कार्ड टाकलं: राजापुढचं प्यादं दोन घरं.

उत्तर आलं: "प्यादं एकच घर चालतं. चाल मागे घे. तुझ्या आईला मी हाच खेळ शिकवला."

मी लिहिलं, सगळं जग पहिल्या चालीला दोन घरं जातं.

"जग मुरबाडला आलं की एकच घर जाईल."

म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस, एक घर तर एक घर. तेवढ्यात मामींचा फोन. "मानू नको गो! काल गावातले सगळे म्हातारे ओटीवर गोळा केले साक्षीला. दिवसभर आमटीचं नाव काढलं नाय!"

मग मी जोर लावला. तुमच्या जुन्या देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते म्हणे, ती कधी? कार्डाच्या कडेपर्यंत मुंगीएवढ्या अक्षरांत उत्तर आलं: शह बसायच्या आधी, एकदाच. मी त्यालाही हरकत घेतली.

परवा प्लास्टर निघालं. आज सकाळी मामी फोनवर कुजबुजल्या, "चालत आत आले. भाजीवरचं झाकण उघडून बघितलं. काय ते लवकर पाठव!"

पट तिथे आणि इथे तसाच मांडलेला आहे. एकही प्यादं हललेलं नाही. नव्या कार्डावर पत्ता लिहून झाला. वजिराबद्दल काय हरकत घ्यायची, तेवढं सुचायचं राहिलंय.