वास्तुशांतीचा शंख

माझ्या मुलाच्या छातीत, डाव्या खांद्याच्या जरा खाली, काडेपेटीएवढे यंत्र बसवले आहे. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की ते आतून विजेचा झटका देते. कचेरीत तो कोसळला, तेव्हा हा विकार कळला. तो रक्ताच्या नात्यातून उतरतो, असे सांगून डॉक्टरांनी घरातील सर्वांचा ईसीजी काढण्यास सुचवले. माझा निर्दोष निघाला. पत्नी हयात नाही. ती एका पहाटे झोपेतच गेली. तेव्हा कारण कोणी विचारले नव्हते.

राहिली नात. दहा वर्षांची.

सूनबाई तयार नव्हती. "बाबा, एकदा कागदावर आलं की जन्मभर चिकटतं. उद्या हिच्या लग्नात कोणी विचारलं तर?"

"लग्नाला ती असायला हवी," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. चहा मात्र वेळेवर येत राहिला.

अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजापासून मुलाला जपा, असेही डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून इंदिरानगरच्या नव्या घरात आम्ही गजराचे घड्याळ आणले नाही, दारावरची बेल काढून टाकली. वास्तुशांतीला त्र्यंबकेश्वरहून दोन गुरुजी आले. त्यांच्या पिशवीतला शंख कोणाच्याच ध्यानात आला नाही.

पूर्णाहुतीची वेळ झाली. "ताई, यजमानांच्या हाताला हात लावा," थोरले गुरुजी म्हणाले. सूनबाईने बोटे टेकवली. दुसऱ्या गुरुजींनी मुलाच्या पाठीमागे उभे राहून शंख फुंकला.

मुलाची मान कलली.

"यजमान, धूर लागला का?" गुरुजींनी हसत विचारले. एवढ्यात मुलाचे सर्व अंग उडाले. सूनबाईने विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला.

"करंट! त्या दिव्यांच्या माळेत करंट उतरलाय," कोणीतरी म्हणाले.

वीजखात्यात माझे आयुष्य गेले. आधी पुरवठा तोडावा, मग माणसाला हात लावावा, हे अंगवळणी पडलेले. मी जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. मंत्रही थांबले.

मुलाने डोळे उघडले. तो पांढराफटक पडला होता.

"बाबा, दिवे लावा," तो म्हणाला. "करंट घरातला नव्हता."

माझा हात स्विचवरच राहिला. वीज मी जन्मभर तारेतून येताना पाहिली होती. ती माझ्या मुलाच्या छातीतून येऊन सुनेच्या बोटांना जाणवली होती. स्विच पुन्हा वर कोणी केला, ते मला सांगता येणार नाही.

सूनबाई आपल्या बोटांकडे पाहत होती. "मला कळलं ते," ती म्हणाली. "मुंग्या आल्या." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, उठू नका." मग माझ्याकडे न पाहताच, "बाबा, रिक्षा बोलवा. हिलाही बरोबर घ्यायचंय."

रुग्णालयात यंत्रातील नोंद पाहून डॉक्टर म्हणाले, झटका योग्य वेळी बसला. तो बसला नसता तर आपण बोलत नसतो. त्यानंतर नातीला आडवे केले. तिच्या पोलक्याची बटणे सूनबाईने स्वतः काढली. डॉक्टरांनी मुलाचा जुना ईसीजी मागवून नातीच्या ईसीजीशेजारी ठेवला. मला दोन्हींत फरक दिसला नाही.

"गोळ्या आजच सुरू करू," ते म्हणाले.

सूनबाईने मान हलवली. नात खाटेवरून उतरून उभी होती; मी खाली वाकून तिच्या चपला शोधू लागलो.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्या पायातच आहेत."