तीन मशिनींची खंडेनवमी

गेल्या दोन वर्षांत सुकेशनीनं घरचा एकही सण लॅपटॉपशिवाय केला नव्हता. मागच्या दिवाळीत सोयगावजवळच्या तिच्या गावी सगळे फराळाला बसले, तेव्हा ती माळवदावर रेंज शोधत फिरत होती. मेंढरांमागं जन्म काढलेले तिचे वडील, मुंजाबा, यांनी खालून विचारलं होतं, "तुझी मेंढरं कोणत्या रानात शिरली गं, की तुला इथून हाकावी लागतेत?" यंदा दसऱ्याला लॅपटॉप न घेता येते, असा शब्द तिनं आईला दिला होता.

त्या शब्दापायी तिनं तीन महिने खपून आपोआप चालणारी स्क्रिप्ट लिहिली. सिडकोतल्या तिच्या कंपनीचं काम दूध संकलन केंद्रांचं. देवगाव रंगारीपासून अजिंठ्यापर्यंत कुठंही दूध काट्यावर चढलं, की लिटर आणि फॅटचा आकडा मुंबईत भाड्यानं घेतलेल्या, इंटरनेटवरून चालवायच्या तीन मशिनींकडे जातो. पूर्वी त्यातली एखादी बंद पडली की सुकेशनीलाच धावावं लागे. आता स्क्रिप्ट दोन मिनिटांत तशीच दुसरी मशीन उभी करी, प्रोग्राम भरलेले कंटेनर तिच्यात मांडी आणि सुकेशनीच्या फोनवर नुसती वर्दी देई.

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता पहिली वर्दी आली. दोन मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. ती केबिनमध्ये गेली, तर मालक नानासाहेब कपाळाला आठ्या घालून फोनवरून मशिनी बंद करत बसलेले. खातं त्यांच्या नावावर, म्हणून बटणही त्यांच्या हाती. ते एक बंद करत, स्क्रिप्ट दुसरी उभी करी.

नानासाहेबांचा मूळ धंदा वाळूजला लेथचा. खंडेनवमीला यंत्रं धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दिवसभर हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. ऑफिसातले लॅपटॉप त्यांनी आधीच पाटावर मांडले होते. सुकेशनीच्या कीबोर्डात कुंकू गेलं होतं.

तिनं समजावलं, की त्या मशिनी आपल्या नाहीत, आपण नुसत्या भाड्यानं वापरतो. भाड्याच्या बैलालाही पोळ्याला जुंपत नाहीत, असं नानासाहेब म्हणाले. संध्याकाळी पाचला दूध आलं म्हणजे काय करायचं, असं तिनं विचारलं. बद्रीनाथ वहीत लिहून घेईल, असं त्यांचं म्हणणं. बद्रीनाथ देवगाव रंगारीचं केंद्र सांभाळतो, आणि त्याचा एक कुठला, सात कुठला, हे त्याचं त्यालाही ओळखू येत नाही.

बारापर्यंत एकोणीस वर्द्या झाल्या. सोयगावची बस दोनची. तेवढ्यात नानासाहेबांनी स्क्रिप्टच बंद करायला सांगितली. म्हणजे मशिनी पुन्हा तिनंच सांभाळायच्या, लॅपटॉप घेऊन माळवदावर.

"नानासाहेब, त्या थकत नाहीत. मी थकते."

ते हार सारखा करत राहिले. मग म्हणाले, "एका वर्षी ऑर्डर तुंबली म्हणून नवमीला लेथ चालवली. लेथवरच्या पुंजारामचं बोट गेलं, पोरी. मशीन थकती का नाय, मला ठाव नाय. पण मी परत ते करायचो नाय."

सुकेशनीचा राग तसाच होता, आणि रागानं तिचं डोकं नेहमी बरं चालतं. दुपारी दूध नसतं. दोन मशिनींवर भागतं. एकेकीनं तासतासभर बसलेलं चालेल का, असं तिनं विचारलं. "बैलं तरी सगळी एकदम कुठं धुतो," असं म्हणून नानासाहेबांनी तेवढ्यापुरता लॅपटॉप पाटावरून उचलू दिला. तिनं स्क्रिप्टला वीस ओळी जोडल्या. एकीचं काम उरलेल्या दोघींकडे वळवायचं, तिला थांबवायचं, उठवायचं, मग पुढची. एक ते चार, तीन पाळ्या.

एकला पहिली बसली. ती उठते का, हे बघायला थांबावं तर बस जाणार. आपण लिहिलेलं चालतं की नाही हे न बघता सुकेशनी आजवर कधी जागची हलली नव्हती. दीड वाजता तिनं लॅपटॉप पाटावर ठेवला आणि रिक्षा धरली.

फुलंब्रीपर्यंत फोन तिच्या मुठीतच होता. वर्दी आली नाही. सिल्लोडच्या स्टँडवर चार वाजून गेले आणि फोन वाजला.

नानासाहेब होते. तिन्ही मशिनी उठल्या होत्या. बद्रीनाथनं पाण्याची घागर ठेवून काटाही तपासून पाहिला होता. मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"पण पोरी, तिघींनाबी पंचावन्नच मिनिटं भेटली. तास म्हणाली होतीस."

काम वळवायलाच पाच मिनिटं जातात, हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या वर्षी पुरा तास देते, असं ती म्हणाली. आत्ताच नाही का होणार, अजून दिवस मावळायचा आहे, असं त्यांनी विचारलं.

"नाय, नानासाहेब," ती म्हणाली. "आत्ता माझ्याजवळ काहीच नाय."