दादाच्या रक्तातलं लोह

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मी मोहालीत नोकरी करतो, झिरकपूरला राहतो. लग्नाआधी कंपनीच्या तपासणीत माझ्या रक्तात लोह भलतंच जास्त निघालं. चंदीगडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं — जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते साठत जातं, यकृतात, हृदयातसुद्धा. हृदय हळूहळू थकतं. उपाय साधा, अधूनमधून रक्त काढून टाकायचं. मग त्यांनी विचारलं, "सगा भाई है? उसकी भी जाँच करवाइए. ये खानदानी होता है."

मी मान डोलावली.

आणि सांगितलं नाही. का? माझं लग्न ठरत होतं. सांगलीला दादाला कळलं की वहिनीला कळणार, तिच्याकडून पाहुण्यांत. रक्तातच दोष म्हटल्यावर मुलगी कोण देणार? लग्न होऊ दे, मग सांगू... लग्न झालं. मग कुठल्या तोंडानं सांगायचं? मी रक्त काढून यायचो आणि घरी रक्तदान केलं म्हणायचो. बायको कौतुकानं शिरा करायची. मी खायचो.

पण हेही मोठं नाही. मोठं ते पुढेच आहे —

एकदा फोनवर दादा म्हणाला, "जिना चढलो की धाप लागते रे हल्ली."

मागून वहिनी म्हणाली, "अशक्तपणा आलाय, भावजी. लोहाचं टॉनिक सुरू केलंय त्यांना."

एक वाक्य पुरलं असतं. थांबवा ते — एवढंच. मी काय म्हणालो? "बरं केलंत, वहिनी."

हो. हेच शब्द.

शाळेत मुलांना खो-खो शिकवणारा माझा दादा आता आंघोळीलाही स्टुलावर बसतो. हृदय मोठं झालंय, जोर गेलाय. उपचार चालू आहेत. पण गेलेलं सगळं परत येईल, असं कुणी डॉक्टर म्हणत नाही.

निदान झालं तेव्हा त्यानं दवाखान्यातूनच मला फोन केला. दम खात, तुटक तुटक बोलत होता. "भावाभावांत असतं म्हणे हे. माझं राहू दे — तू आधी तपासून घे."

काही दिवसांनी मी त्याला सांगितलं, माझंही निघालं, पण सुरुवातच आहे.

"वेळेवर कळलं रे बाबा," म्हणाला, आणि माझा दादा फोनवर रडायला लागला. आनंदानं.