घरचा वकील नको म्हणाली होती

सुमनशी मी शेवटचं काय बोललो, तर "तू वाल सोल." दुपारची वेळ होती. पोशीरच्या घराच्या पडवीत आम्ही दोघं मोड आलेले वाल घेऊन बसलो होतो, मध्ये परात, एका बाजूला टरफलं. वाल सोलायचं काम लग्नापासून आम्ही दोघांनी मिळूनच केलं. एकट्यानं सोललेलं बिरडं गोड लागत नाही असं तिचं म्हणणं. सोलता सोलता ती म्हणाली, "अवो, अंजनाला तिचं देऊन टाका. मला आता ह्या कोर्टाच्या तारखा नकोत." हे ती सात वर्षं म्हणत होती, त्यामुळं मी मान वरसुद्धा केली नाही. म्हणालो, तू वाल सोल. तिनं सोलले. निम्मे झाले तेव्हा म्हणाली, छातीत भरल्यासारखं वाटतंय, जरा पडते. चहाच्या वेळेला मी उठवायला गेलो, तर... हात गार होता.

भेटायला आलेले सगळे एकच बोलले. झोपेत गेली, भाग्यवान बाई. मला हे ऐकलं की संताप येतो. तुम्ही तिचे गुडघे बघितले होते का? तिनं सात वर्षं जमिनीवर बसून स्वयंपाक कसा केला ते बघितलं होतं का? माझी मुलगी माया म्हणाली, "बाबा, पेपरात आईवर लिहा, चार चांगले शब्द लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. चांगले शब्द मला येत नाहीत. जे झालं तेवढं लिहितो.

मी खोपोलीच्या कागदाच्या कारखान्यात फिटर होतो. शिळफाट्याला कंपनीची एक खोली होती, तिच्यात आमचा सगळा संसार झाला. संदीप आणि माया तिथंच वाढले. सुमन सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त, आणि हे ती मला वर्षातून दोनदा तरी ऐकवायची. रिटायर झालो तशी खोली सोडायची वेळ आली. तिला हवं होतं स्वतःचं घर, आणि त्या घरात उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा. बाकी तिनं काही मागितलं नाही. शिळफाट्याच्या खोलीत ओट्याला जागाच नव्हती. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा तिनं पहिल्यांदा सुतळी लावून स्वतःची कमरेपर्यंतची उंची मोजली, म्हणाली, कमरेएवढा पायजे, लोक उगाच उंच बांधतात.

पोशीरला बाळारामचं घर विकायचं आहे असं कळलं. गावठाणातलं घर, पुढं पडवी, मागं परस, परसात कोपऱ्याला एक वेगळी खोली. आम्हाला दोघांनाही आवडलं. आता वकील कोण, हा प्रश्न आला. मला तो प्रश्नच वाटला नाही. नेरळला आमचे वकीलसाहेब होते. त्यांच्या वडलांनी चिठ्ठी दिली म्हणून मला कारखान्यात चिकटायला मिळालं होतं. आमच्या बाजूला कुणाचंही घर विकलं किंवा घेतलं गेलं, की कागद त्यांच्याकडंच. विकणाऱ्याचेही तेच, घेणाऱ्याचेही तेच. आमच्याकडं लोक ह्यालाच सोय समजतात. एकच वकील, एकच चहा, भांडण नाही. घरचा माणूस.

सुमन म्हणाली, "घरचा वकील नको. ज्याला काय विचारायची लाज वाटंल असा वकील घ्यायचाच नाय." आणि मला न सांगता ती एका शेजारणीबरोबर कर्जतला जाऊन आली. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक वकीलबाई टेबल टाकून बसतात. त्यांना तिनं घराचा ग्रामपंचायतीचा उतारा दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, बाळारामचे वडील कधी वारले, मुलं-मुली किती, हे मी ग्रामपंचायतीत जाऊन बघते, पंधरा दिवस लागतील, पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागेल, तोवर कुणाला काही देऊ नका. सुमन आनंदानं घरी आली. मी हसलो. म्हणालो, "शेडखाली बसणारी बाई ती. आपले साहेब वरच्या मजल्यावर बसतात." ती म्हणाली, "वरच्या मजल्यावरून खालचं दिसत नाय." मी ते हसण्यावारी नेलं.

मग आम्ही नेरळला साहेबांच्या हापिसात गेलो. बाळाराम आधीच येऊन बसला होता. साहेबांनी चहा सांगितला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, स्वतःच्या वडलांची आठवण काढली. मी विरघळलो. कागद तयार होते. उताऱ्यावर लिहिलं होतं, बाळाराम वगैरे. सुमननं बोट ठेवलं.

"साहेब, ह्या वगैरेमंदी कोण कोण हाय?"

साहेब हसले. "काकू, वगैरे म्हणजे वगैरे. जुनी लिहायची पद्धत आहे."

"पद्धत हाय म्हायतीय. बहिणी असत्यात त्यात. मी पण एका उताऱ्यावर वगैरे होते." आणि बाळारामकडं वळून म्हणाली, "तुजी बहीण हाय ना रं, अंजना? तिची सही कुठाय?"

बाळाराम जमिनीकडं बघत म्हणाला, "ती सुखात हाय वैनी तिच्या घरी. तिचं काय नाय."

सुमनला हे का सुचलं ते मला माहीत होतं. तिच्या माहेरी, खालापूरकडं, बाप गेल्यावर भावांनी तिला बोलावून साडी नेसवली, पुरणपोळी खायला घातली आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिनं हसत दिली. पुढं आयुष्यात तिला एकदाच भावाकडं आठ दिवस राहायची पाळी आली, तेव्हा वहिनी म्हणाली, पाहुण्यांनी किती दिवस राहायचं असतं. ते ती कधी विसरली नाही. म्हणून ती विचारत होती. आणि मी, तिचा नवरा, त्या हापिसात सगळ्यांसमोर काय म्हणालो? "गप बस गं. कायद्यातलं तुला काय कळतंय." कारण ज्यांच्या बापानं नोकरी दिली त्या माणसाला सही कुठाय म्हणून विचारायचं, ह्याची मला भीड वाटली. त्या भिडेपायी मी बायकोला गप्प केलं. जाहीर नोटीस दिली का, हेही मी विचारलं नाही. साहेब म्हणाले, गावात सगळ्यांना माहीत आहे, कशाला पेपरात नाचवायचं. मी मान डोलावली.

घर दोघांच्या नावावर झालं. तेवढं मात्र तिनं करून घेतलं. राहायला गेलो, भिंती रंगवल्या, गवंडी ठरवला. ओट्याची फरशी येऊन परसात उभी राहिली. आणि अंजनाचा दावा लागला. तिचा नवरा वारला होता, सासरी दीर तिला राहू देत नव्हते, आणि बापाचं घर तिला न विचारता विकलेलं. कोर्टानं हुकूम दिला, जैसे थे. म्हणजे घर जसं आहे तसं राहील, वीटसुद्धा हलवायची नाही. गवंडी परत गेला.

मी नेरळला धावत गेलो. घरच्या माणसाकडं. साहेब म्हणाले, "काका, माझी अडचण समजून घ्या. मी दोघांचेही कागद केले, आता मला कुणाचीच बाजू घेता येत नाही." त्या दिवशी मला अक्कल आली. घेताना दोघांचे, आणि गळ्याशी आल्यावर कुणाचेच नाहीत. घर घेणाऱ्या माणसांना मला एवढंच सांगायचंय. ज्याच्या उपकाराखाली तुम्ही आहात त्याला वकील करू नका. विकणारा ज्याला साहेब म्हणतो त्याला तर अजिबात नको. ज्याला एकच गोष्ट तीनदा विचारली तरी तुमची मान खाली जाणार नाही, आणि जो तुमच्यासाठी ग्रामपंचायतीची पायरी चढेल, तो तुमचा वकील. मग तो शेडखाली बसो नाहीतर झाडाखाली. आणि बायको काही विचारत असली तर तिला विचारू द्या.

शेवटी गेलो त्या कर्जतच्या वकीलबाईंकडंच. बाईंनी एका शब्दानं टोचलं नाही. मला वाटलं बोलतील, मी ऐकून घ्यायला तयार होतो. त्या फक्त म्हणाल्या, "काकूंनी आणलेल्या उताऱ्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे अजून." ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग एक दिवस अंजना स्वतः पडवीत येऊन उभी राहिली. "सुमनवैनी, तुमच्याशी माजं भांडण नाय. भावाशी हाय. पर घरात तुमी बसलाव, त्याला मी काय करू?" सुमननं तिला आत घेतलं, चहा केला. दोघी परसात बसल्या. अंजनाला सगळं घर नको होतं. मागची कोपऱ्यातली खोली आणि परसातून जायची वाट, एवढं नावावर करून द्या, दावा मागं घेते, असं ती म्हणाली. सुमन मला म्हणाली, देऊन टाका. वकीलबाईही म्हणाल्या, काका, हे चांगलं आहे. आणि मी अडलो. मी पूर्ण घर घेतलंय, अर्धं नाही, असं म्हणून अडलो. चूक माझी, राग माझा स्वतःवर, आणि काढला कुणावर, तर एका विधवा बाईवर, जिला माझ्यासारखंच फसवलं होतं. सुमन म्हणाली, "तुमाला साहेबाला बोलता आलं नाय, म्हणून तिला बोलताय." खरं होतं. म्हणून मी आणखी अडलो.

सात वर्षं. तारखेला आम्ही दोघं कर्जतला जायचो, बाकावर बसायचो, पुढची तारीख घेऊन यायचो. अंजनाही यायची. ह्या दोघी एका डब्यातून खायच्या आणि मी लांब उभा. पुढं पुढं सुमनला खाली बसलं की उठता येईना. भिंतीला धरून उठायची, एक हात माझ्याकडं करायची. मी उठवायचो, आणि मनात म्हणायचो, पुढच्या तारखेला बघू... डॉक्टर म्हणाले, हार्टचं होतं, त्याचा गुडघ्याशी संबंध नाही. नसेल. मला त्याच्याशी काय करायचंय.

तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला त्या दुपारी वकीलसाहेब आले. पांढरे कपडे घालून आले, फुलं वाहिली, माझा हात हातात घेतला. मग संदीपला बाजूला घेऊन बोलायला लागले. थोड्या वेळानं संदीप माझ्याजवळ आला. पोरगा वाईट नाही, तो माझ्यावर गेलाय. म्हणाला, "बाबा, साहेब म्हणतात आईच्या हिश्श्याला वारस लावावे लागतील. मायाकडून हक्कसोड घेऊन ठेवू, म्हणजे पुढं गुंता नको. कागद ते करून देतील." माया तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मला काय करायचंय बाबा, कुठं सही करायची सांगा."

अगदी तिच्या आईसारखं म्हणाली. हसतच.

माझं डोकं फिरलं. आलेली माणसं बसली होती, जेवणं चालू होती, तरी मी उठलो आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तुमच्या वडलांनी मला नोकरी दिली. ती मी चौतीस वर्षं घाम गाळून फेडली. आता तुम्ही घरी जा, आणि ह्या घराच्या कागदाला परत हात लावू नका." ते म्हणाले, "काका, तुम्ही दुःखात आहात." मी म्हणालो, "दुःखात हायेच. तुमी जावा." संदीपची मान खाली गेली. जाऊ दे. सात वर्षांपूर्वी ह्याच माणसाला विचारताना माझी गेली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायाला घेऊन निघालो. नेरळहून शेअर रिक्षानं कर्जत. वकीलबाई नुकत्याच टेबल पुसत होत्या. म्हणाल्या, "काका, तारीख पुढच्या महिन्यात आहे."

म्हणालो, "ठाऊक हाय. लिहून घ्या. सुमनचे वारस तीन, मी, संदीप आणि माया. आणि अंजनाचा हक्क आमाला मान्य हाय. मागची खोली आणि वाट."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "संदीप?"

"दुपारी येतोय. मी फोन केलाय. त्यालाही वाचून दाखवा."

"एकदा लिहून दिलं की मागं फिरता येणार नाही, काका."

"सात वर्षं मागंच फिरतोय बाई."

कागद टाइप होऊन आले. माया सही करायला वाकली, तसं मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणालो, आधी वाच. ती मनात वाचायला लागली. म्हणालो, मोठ्यानं. शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. बघू दे. माया वाचत गेली. प्रतिवादी क्रमांक दोन, मयत सुमन, इथं आली आणि तिनं त्या नावावर बोट ठेवलं.  मग म्हणालो, पुढं वाच पोरी. तिनं वाचलं. दोन शब्द मला कळले नाहीत, ते मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितलं. तरी नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मायाला म्हणालो, तुला काय विचारायचंय का? तिनं एक विचारलं. त्याचंही उत्तर मिळालं.

मग तिनं सही केली. मग मी केली.